उंबरा काढलेलं घर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात खानदेशात जाणार असं सांगितल्यावर पुण्यात प्रत्येकाने मला एकच सल्ला दिला : बारा ते पाच बाहेर पडू नकोस. माझं काम मात्र नेमकं बारा ते पाचमध्येच निघालं.

आधी ते काम सांगते. गेली अकरा वर्षं मी म्हाताऱ्या माणसांची घरं त्यांच्या वयाला सोयीची करून देते. न्हाणीघरात धरायच्या दांड्या, न घसरणारी फरशी, खाली घेतलेली बटणं, पलंगाची उंची, दारातले अडथळे. अलीकडे त्यात सेन्सरची भर पडली आहे. भिंतीला घोट्याच्या उंचीवर छोटे दिवे बसवतो. माणूस समोरून गेला की दिवा आपोआप लागतो आणि ती नोंद दूर असलेल्या मुलाच्या मोबाइलवर दिसते. आई उठली, आई चालली, आई ठीक आहे. आमच्या संस्थेने जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत अशी काही घरं केली होती. वर्ष होत आलं होतं. काय चाललं आणि काय फसलं ते पाहायला मी पाच दिवसांसाठी निघाले. सामान मोजकं : वही, टेप, पाणसळ, विजेरी, दोन पाण्याच्या बाटल्या आणि पर्समध्ये एक कांदा. कांदा उन्हासाठी. हसू नका, तिकडे बरेच जण ठेवतात.

पहिला दिवस : जळगाव

सकाळी नऊलाच स्टेशनबाहेरचा डांबरी रस्ता मऊ लागत होता. रिक्षावाल्याने सीटवर ओलं फडकं घालून ठेवलं होतं. "बसा ताई, एसी चालू करून ठेवलाय," तो म्हणाला. पोचेपर्यंत फडकं कडक वाळलं.

शहरातली तीन घरं दुपारपर्यंत झाली. दोन घरांत सगळं ठीक. तिसऱ्या घरातल्या नानांनी औषधाची आठवण करणारं यंत्र उशीखाली दाबून ठेवलं होतं. "बायकोपेक्षा जास्त बोलतं," म्हणाले. बायको शेजारीच बसली होती. मी वहीत लिहिलं : आवाज कमी करता यावा.

जेवायला वरण-बट्टी. तळलेल्या बट्ट्या वरणात चुरायच्या, वर तूप, सोबत वांग्याची घोटलेली भाजी. पुण्यात आपण ज्याला जेवण म्हणतो त्याच्या दुप्पट. खोलीवर येऊन पडले तेव्हा दीड वाजला होता. खिडकीतून पाहिलं तर रस्त्यावर एक माणूस नव्हता. दुकानांची शटरं अर्धी खाली, एकाही झाडावर पाखराचा आवाज नाही. भर दुपारी एवढं मोठं शहर असं सामसूम पाहण्याची मला सवय नाही. पडदा ओढला आणि कामाला लागले.

चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातल्या घराच्या नोंदी उघडल्या. घर केशरअक्कांचं. वय पंच्याहत्तरच्या पुढे. नवरा, आत्मारामआबा, तीन वर्षांपूर्वी गेले. मुलगा भिकन सुरतेला कापडाच्या कारखान्यात. अक्का एकट्या. पुढच्या खोलीत आम्ही तीन दिवे बसवले होते : पहिला दाराशी, दुसरा मध्ये, तिसरा खाटेपाशी.

रोज दुपारी बारा-चाळीसच्या आसपास पहिला दिवा लागत होता. मग दुसरा. मग तिसरा. मग काहीच नाही. महिनाभर मागे गेले, दोन महिने मागे गेले. आत जाण्याची नोंद होती. परत येण्याची नव्हती.

त्याच संध्याकाळी भिकनभाऊंचा फोन आला. "ताई, तुम्ही उद्या जाताय ना आमच्याकडे? मग एक काम करा. तुमचा तो फॉर्म आहे ना, एकटीने राहायला योग्य की अयोग्य, तो भरून टाका. मी आखाजीला येतोय. अयोग्य असेल तर त्याच गाडीत आईला घेऊन येतो."

"तुम्हाला काय वाटतं?"

"दुपारी मला मोबाइलवर दिसतं की आई पुढच्या खोलीत चालली. मी विचारलं, आई, दुपारी तिथे काय करतेस? तर म्हणते, ती मी नाही."

दुसरा दिवस : चोपड्याच्या पुढे

तापी ओलांडली की दोन्ही बाजूंना केळी. बागांच्या कडेने वारा अडवायला हिरव्या जाळ्या लावलेल्या. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि जाळीच्या आत दोन पावलांवर काळोख. गाडी थांबवून मी फोटो काढायला उतरले. जाळीच्या आत पानं हलत होती, माझ्याकडे वाऱ्याची झुळूकही नव्हती. फोटो आला नाही. उन्हाने मोबाइल तापून बंद पडला होता. ही प्रवासातली पहिली फजिती. पुढचं सगळं मी वहीतच लिहिलं.

अक्कांचं घर साधं आहे. सिमेंटचा ओटा, पुढची खोली, मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे दोन दगडी पायऱ्या आणि अंगण. मी ओट्यावर चढून पुढच्या दाराची कडी वाजवली, तर आवाज घराच्या बाजूने आला.

"मांगल्या दारथीन ये माय! पुढल्या दारथीन नको!"

उंचीने माझ्या खांद्याएवढ्या, पाठ ताठ, डोक्यावर पदर, डाव्या मनगटावर जुन्या सुजेची खूण. त्यांनी मला मागच्या पायऱ्यांनी आत घेतलं. त्या पायऱ्यांना ना कठडा, ना धरायला काही. वर्षापूर्वी पुण्यात बसून, फोटो पाहून मीच लिहिलं होतं की मागचं दार वापरू नये.

आत आल्यावर मला सगळा हिशोब उलटा झालेला दिसला. आम्ही दांड्या, दिवे, उंच केलेली खाट हे सगळं पुढच्या खोलीत केलं होतं, आणि अक्का राहत होत्या स्वयंपाकघरात. चुलीपाशी जमिनीवर गोधडी. कोपऱ्यात हांडे. न्हाणीघरातल्या दांडीवर तीन लुगडी वाळत होती.

"ह्या दांड्या कपडा वाळाडाले चांगल्या शेतस," अक्का म्हणाल्या. त्या मला खिजवत होत्या की खरंच म्हणत होत्या, कळलं नाही.

"अक्का, पुढच्या खोलीत का झोपत नाही?"

"तठे त्या ऱ्हातस."

"कोण?"

अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, की एवढं शिकून बाईला एवढंही कळू नये. सासरच्या बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. "भिकनना बाप," त्या म्हणाल्या.

त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं मांडते. आखाजीला खानदेशात घरोघर पितरांना बोलावतात. उंबरठ्याची पूजा होते, गेलेल्या प्रत्येकाचं नाव घेऊन उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढतात, पाण्याने भरलेली घागर मांडतात आणि जेवणातला पहिला घास विस्तवावर टाकतात. पितर उंबरठ्यापर्यंत येतात, घास घेतात आणि जातात. आबा गेल्यावर पहिली दोन वर्षं तसंच झालं.

"मंग तुम्हना लोके ऊनात," अक्का म्हणाल्या, "अन् उंबरा काढी लई गयात. आते उंबराच नही, तर त्या थांबतीन कोठे? सरळ मजार येतस. रोज. शेतमाईन जेवाले येवाना टाइमले."

मजार म्हणजे आत; आबा शेतातून जेवायला यायचे त्या वेळेला. उंबरठा काढायला मीच सांगितलं होतं. म्हाताऱ्या माणसाचं घर हातात घेतलं की माझ्या यादीत पहिली ओळ तीच असते. घर कोणतंही असो, मी ती न पाहता लिहिते.

"भीती वाटते का?"

"त्यासले भ्यासू का मी? पन्नास वरीस संगे काढात. पन रोज वाढनं पडस ना माय!" आणि खरंच, स्वयंपाकघराच्या दारात, खाटेजवळ झाकलेलं ताट तयार होतं. भाकरी, शेवेची भाजी, कांदा.

पडण्याचं विचारलं. उंबरठा काढल्यावर आठच दिवसांत त्या पुढच्या दारात आत येताना पडल्या होत्या. मनगट मोडलं. तेव्हापासून ते दार बंद. मी दाराची जमीन तपासली, पाणसळ लावली. अगदी सपाट. खाचखळगा नाही, ओल नाही. अशा ठिकाणी माणूस पडायचं कारण नव्हतं. वहीत लिहिलं : कारण कळत नाही.

सव्वाबारा वाजता मी ठरवलं की बसून पाहायचं. पुढच्या दाराला कडी घातली. खिडकी बंद. मी अशा कोपऱ्यात स्टूल घेऊन बसले, की तिन्ही दिव्यांपैकी कोणालाही माझी हालचाल दिसू नये. अक्का स्वयंपाकघरात. घड्याळ हातात.

बाहेर गल्ली मेल्यासारखी शांत झाली. आधी कुठेतरी एक मोटर चालू होती, तीही बंद पडली. पत्रे उन्हाने तडकल्यासारखे वाजत होते, मग तेही थांबले.

बारा एकेचाळीसला दाराजवळचा दिवा लागला.

मी मनात मोजलं. चार आकडे झाले आणि मधला लागला. आणखी पाच, आणि खाटेजवळचा. घाई नसलेला, दमून आलेला माणूस याच चालीने चालतो. मला अकरा वर्षांत शेकडो म्हाताऱ्यांची चाल मोजायची सवय झाली आहे, म्हणून हे ठामपणे लिहिते.

समोर कोणी नव्हतं. खाटेवरची घडी घातलेली चादर तशीच होती. पहिला दिवा अर्ध्या मिनिटाने विझला, मग दुसरा. तिसरा विझला नाही. तो समोर हालचाल असेपर्यंत चालू राहतो, आम्हीच तसा लावलेला आहे. मला उठायचं होतं. निदान खिडकी उघडायची होती.

आतून अक्कांचा आवाज आला, अगदी हळू. "उठू नको. जेवी ऱ्हायनात."

मी उठले नाही. वीस मिनिटांनी तिसरा दिवा विझला. अक्का आल्या, झाकलेलं ताट उचललं आणि मागे शेजारणीच्या गायीला घालायला घेऊन गेल्या. माझी वही मी नंतर पाहिली. त्या वीस मिनिटांत मी एकही शब्द लिहिलेला नव्हता.

तिसरा दिवस : तिथेच, मग धुळ्याकडे

रात्री चोपड्याला मुक्काम केला आणि सेन्सरचं माहितीपत्रक शांतपणे वाचलं. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की हा सेन्सर माणूस ओळखत नाही, हलणारी उष्णता ओळखतो, आणि गरम वाऱ्याच्या झोताने तो चुकू शकतो. मला एकदम हलकं वाटलं. उंबरठा काढल्यावर दाराच्या फळ्या खालून वाढवलेल्या नव्हत्या. खाली दोन बोटं फट होती. दुपारी समोरचा ओटा तापला की तिथली गरम हवा फटीतून आत शिरत असणार, आणि भिंतीकडेने खाटेपर्यंत जात असणार.

सकाळी परत गेले. एक पोतं ओलं केलं, घडी घालून दाराच्या फटीत आतून घट्ट बसवलं. पुन्हा तोच कोपरा, तेच स्टूल. बारा-चाळीस झाले. बारा-पन्नास. एक. एकही दिवा लागला नाही.

"बघा अक्का," मी म्हणाले, "वारा होता."

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात ताट. त्या बंद दाराकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर सुटका दिसेल असं मला वाटलं होतं, ती दिसली नाही.

"ऊनमा उभं करी दिधं तू त्यासले," त्या म्हणाल्या.

मी पोतं काढलं, कडी काढली, दार उघडलं. ओटा तव्यासारखा तापलेला. गल्लीत दोन्ही बाजूंना कोणी नाही. सकाळी फट बाहेरून पाहून मी पुढच्या दारानेच आत आले होते, आणि चपला घाईत दारासमोर, वाटेतच काढल्या होत्या. त्या आता बाजूला होत्या. भिंतीला लागून, जोडीने, टाचा भिंतीकडे. वाटेतल्या चपला पायाने सारून दारापाशी जागा करतात, तशा नव्हत्या. हाताने उचलून ठेवल्यासारख्या होत्या.

शेजारीण म्हणाली, ती दुपारभर झोपली होती. मी वहीत दोन ओळी लिहिल्या. दिवे : कारण सापडले. चपला : — . आणि गाडीत बसले.

धुळ्याच्या वाटेवर पारोळ्याला चहा घेतला. किल्ल्याच्या तटाकडे पाठ करून बसले. मला त्या दिवशी आणखी कुठल्याही बंद दाराकडे पाहायचं नव्हतं.

चौथा दिवस : धुळे

धुळ्याचं घर सिंधूताईंचं. निवृत्त नर्स, सात वर्षं चाकाच्या खुर्चीत. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताज्या मोगऱ्याची दोन फुलं, आणि दारात उंबरठा नाही. मला पाहताच त्यांनी खुर्ची दारातून गर्रकन बाहेर आणली, परत आत नेली.

"अडीच इंच लाकूड होतं ते," म्हणाल्या. "सहा वर्षं त्या अडीच इंचाने मला कोंडलं होतं. आमच्याकडे ना पितरांची घागर, ना उंबरठ्याची पूजा. सुतार म्हणाला, आजी, मुहूर्त बघू का? मी म्हटलं, करवत काढ."

मी मनमोकळी हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा. मग चहा घेताना त्यांना अक्कांचं सगळं सांगितलं. दिवे, वारा, चपलासुद्धा. सिंधूताई हसल्या नाहीत, घाबरल्याही नाहीत. त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"पडली कशी? अडखळून की पाय उचलून?"

"म्हणजे?"

"इकडे बघा." त्यांनी डोळे मिटले. "पंखा लावते." त्यांचा उजवा हात वर गेला, डोक्याच्याही वर, आणि कोऱ्या भिंतीवर बोटं फिरू लागली. तिथे काही नव्हतं. वर्षापूर्वी आम्ही ते बटण काढून खाली, खुर्चीच्या हाताजवळ आणलं होतं. मिटलेले डोळे, भिंत चाचपणारा तो हात, हे दृश्य मला बराच वेळ पाहवलं नाही. मग त्यांनी डोळे उघडले, हात खाली आणला आणि पंखा लावला.

"वर्ष झालं. अजून हात आधी तिकडेच जातो. बाई, चाळीस वर्षं वॉर्डात काढली मी. म्हातारी माणसं डोळ्यांनी चालत नाहीत. त्यांच्या पायांना घर पाठ असतं. तुमच्या अक्कांनी पन्नास वर्षं त्या दारात पाय उचलला. तुम्ही लाकूड काढलंत, पायाला कुणी सांगितलं?"

मी कप खाली ठेवला. अक्का सपाट जमिनीवर पडल्या नव्हत्या. त्या नसलेल्या उंबरठ्यावर पाय टाकायला गेल्या होत्या, आणि पाय पोकळीत पडला होता. त्यांचा तोल सावरायचा ठरलेला आधार आम्ही काढून नेला होता आणि वर 'अडथळा दूर केला' असं अहवालात लिहिलं होतं.

सिंधूताईंच्या घरी तो काढणं बरोबर होतं, अक्कांच्या घरी चूक. दोन्ही घरांसाठी माझ्या वहीतली ओळ एकच होती.

तिथूनच मी सुकलाल मिस्तरींना फोन लावला. चोपड्याचे सुतार, साठीचे, अक्कांच्या घरचं लाकूडकाम त्यांनीच केलं होतं. विचारलं की अक्कांच्या दारासाठी नवा उंबरठा उद्यापर्यंत होईल का.

"नवा कसाले?" ते म्हणाले. "जुना शे ना मन्हाजोडे."

"ठेवलात?"

"ताई, उंबरा जाळतस नहीत, फेकतस नहीत. उभा करी ठेवना पडस, कोनी इचारत ई तवलगून." कोणी विचारत येईपर्यंत, म्हणजे. मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "लवकर लई जा. दुकानमा माले बी बरं नही वाटत. बठ्ठी लाकडं थंडी ऱ्हातस, तेच एक दुपारले तापस."

"पत्र्याजवळ असेल," मी म्हणाले.

"व्हई," ते म्हणाले. "पत्राजोडेच व्हई."

पाचवा दिवस : आखाजी

आखाजी म्हणजे खानदेशात लेकींचा सण. गावात शिरताच प्रत्येक निंबाला झोका दिसला, आणि माहेरी आलेल्या बाया झोक्यावर उभ्या राहून गाणी म्हणत होत्या. आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला लोक सोनं घेतात आणि आमरस खातात. इकडे त्याच दिवशी एका दारातून लेकी येतात आणि दुसऱ्या दारातून मेलेले.

भिकनभाऊ पहाटेच पोचले होते. पन्नाशीचा, ओढलेल्या चेहऱ्याचा माणूस. ओट्यावर त्यांनी आईसाठी आणलेली नवी बॅग ठेवली होती, रिकामी. अक्का तिच्याकडे न पाहता तिला वळसा घालून जात होत्या.

सुकलाल मिस्तरींनी नऊ वाजता काम सुरू केलं. उंबरठा सागाचा, मध्यभागी पावलांनी झिजलेला. मी तो जशाच्या तसा बसवू दिला नाही, थोडी भर घातली. चौकटीला दोन्ही बाजूंना, अक्कांच्या कोपराच्या उंचीवर धरायला लाकडी मुठी. दाराची खालची फट उंबरठ्याने आपोआप बुजली. कड नजरेत भरावी म्हणून मी पिवळा रंग आणला होता. अक्कांनी डबा बाजूला सारला आणि हळदीने उंबरठा सारवला. रंग तोच झाला. मी वाद घातला नाही.

"आता चालून दाखवा," मी म्हणाले.

भिकनभाऊ आईच्या मागे दोन्ही हात पसरून उभे राहिले. अक्का वर्षात पहिल्यांदा पुढच्या दाराकडे आल्या. डावा हात मुठीवर. खाली पाहिलंसुद्धा नाही. उजवा पाय उचलला, बरोबर तेवढाच, आणि तो पलीकडे ओट्यावर अलगद टेकला. परत आत. परत बाहेर. तिसऱ्या वेळी त्या मुलाला म्हणाल्या, "हात काढ रे. कोंबडी धराले उभा शे का?"

सुकलाल मिस्तरी हसले. भिकनभाऊंना हसू आलं नाही. ते पुढच्या खोलीतल्या खाटेकडे पाहत होते.

मग पूजा. अक्का उंबरठ्यापाशी घागर मांडून बसल्या, बोट कुंकवात बुडवलं. सासऱ्यांचं नाव, एक बोट. सासूचं, एक बोट. लहानपणी गेलेल्या एका मुलीचं. सात-आठ बोटं झाली आणि हात थांबला. कुंकवाने भरलेलं बोट तसंच हवेत. अक्का मुलाकडे वळल्या.

"तू ले नाव. माले लेता येस नही."

भिकनभाऊ खाली बसले. वर्षभर हा माणूस मोबाइलवर आईचे दिवे मोजत होता. वडिलांचं नाव त्याने तीन वर्षांत किती वेळा घेतलं असेल, कुणास ठाऊक. शेवटी म्हणाला, "आत्माराम." आवाज अगदी बारीक होता. मिस्तरींनी टोपी काढली. अक्कांनी बोट ओढलं.

खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, कुरडया, सांजोऱ्या. पहिला घास विस्तवावर टाकला. आम्ही चौघं पुढच्या खोलीत जेवायला बसलो, तेव्हा घड्याळात बारा पस्तीस झाले होते. मी मुद्दाम पाहिलं. पण आम्ही सगळे हलत होतो, वाढणं चालू होतं, त्यामुळे तिन्ही दिवे लागलेलेच होते. त्यांच्यावरून काही कळण्याची सोय नव्हती. अक्कांनी एक ताट उचललं आणि आत नाही, उंबरठ्याच्या बाहेर ओट्यावर ठेवलं. मग आतल्या बाजूने उंबरठ्यापाशी बसल्या, दाराच्या चौकटीला टेकून. झोक्यावरची गाणी थांबली होती. गल्लीत वाऱ्याचा मागमूस नव्हता, तरी घागरीवरचा आंब्याचा डहाळा एकदा हलला.

अक्का बाहेर पाहत म्हणाल्या, "सावलीमा बठा जरा." आणि ओट्यावर पडलेल्या उन्हाकडे पदराने दोनदा वारा घातला.

भिकनभाऊंचा घास हातातच राहिला. त्यांनी मला विचारलं, "फॉर्मवर काय लिहिताय?"

"योग्य," मी म्हणाले. "चार अटी आहेत. झोपणं पुढच्या खोलीत. मागच्या पायऱ्यांना कठडा. दांडीवर कपडे नाहीत. रोज सकाळी एक फोन."

"आणि हे?" त्यांनी हनुवटीने ओट्याकडे दाखवलं.

"त्याला रकाना नाही."

त्यांनी हातातला घास खाल्ला. मग आईला म्हणाले, "ऱ्हाय मंग. दिवाळीलगून."

"दिवाळीलगून?" अक्का म्हणाल्या. "घर मन्हं शे. तू ऱ्हाय दिवाळीलगून."

रिकामी बॅग त्याच संध्याकाळी सुरतेला परत गेली.

पुण्यात

आल्यावर पहिलं काम म्हणून माझ्या यादीतली ती पहिली ओळ खोडली. तिच्या जागी लिहिलं : उंबरठा — आधी विचारणे, मग पाहणे, मग ठरवणे. सगळ्या जुन्या घरांची फेरतपासणी सुरू केली आहे.

अक्कांच्या नोंदी रोज पाहते. त्या पुढच्या खोलीत झोपतात. पहाटे पाचला खाटेजवळचा दिवा, मग मधला, मग दाराचा. संध्याकाळी उलटं. दुपारी बारा-चाळीस ते एक या वेळात खोलीत काहीही हलत नाही. अक्कासुद्धा नाहीत. त्या वेळी त्या कुठे बसतात ते मला माहीत आहे, तिथे सेन्सरची नजर पोचत नाही.

पंधरा दिवसांनी भिकनभाऊंचा फोन आला. आईची तब्येत, मागचा कठडा, सगळं बोलून झालं. फोन ठेवतील असं वाटलं, पण ठेवला नाही.

"ताई, दुपारी आता मोबाइलवर काहीच दिसत नाही."

"दिसणार नाही. फट बुजली."

"हो." मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती. "ओट्यावर एक बसवता येईल का?"

"ओट्यावर थेट ऊन येतं, भिकनभाऊ. गरम वारा असतो. सगळ्या खोट्या नोंदी येतील."

"चालतील," ते म्हणाले.